मंत्र्यांच्या मागची खुर्ची

चार सेकंद झाले होते, आणि बूथमध्ये कुणीच बोलत नव्हते.

बाहेरच्या जगात चार सेकंदांना किंमत नसते. कप बशीत ठेवायलाही तेवढे लागतात. काचेच्या आत, जिथे दोन खुर्च्या, दोन माइक, एक वाकड्या मानेचा दिवा आणि भिंतींना चिकटवलेले आवाज शोषणारे करडे फेल्ट एवढाच संसार असतो, तिथे मात्र चार सेकंदांत माणूस उघडा पडतो. माझ्या बहिणीच्या माइकचा लाल दिवा जळत होता. खाली सभागृहात दोनशे माणसांच्या कानांत चाललेला तिचा आवाज वाक्याच्या मध्यावर तुटला होता. तिसऱ्या रांगेतला एक पत्रकार आपल्या हेडफोनवर बोटाने टकटक करून पाहत होता. मग एकेक मान मागे, आमच्या काचेकडे वळू लागली.

व्यासपीठावर राजदूत वाचतच होते. त्यांना थांबायचे काही कारण नव्हते. बहिणीची नजर मात्र त्यांच्यावर नव्हती. ती माझ्या वहीवर होती.

वही कोरी होती. पेन्सिल माझ्या बोटांत होती आणि तिचे टोक कागदापासून नखभर वर थांबले होते.

"एक कोटी तीस लाख," बहीण माइकमध्ये म्हणाली, आणि निसटत चाललेल्या पुढच्या वाक्यामागे धावली.

आकडा तेरा लाख होता. मला तो स्वच्छ ऐकू आला होता.

आम्ही दोघी सख्ख्या बहिणी, दोघीही दुभाष्या, एकाच सरकारी कचेरीत आणि गेली आठ वर्षे एकाच बूथमध्ये. माझ्यात आणि तिच्यात अकरा वर्षांचे अंतर. ती मला ताई म्हणते. मी तिला चिऊ म्हणते, जरी ती आता चाळिशी ओलांडून गेली आहे आणि तिच्या चष्म्याचा नंबर माझ्यापेक्षा मोठा आहे. ज्या दोन देशांच्या भाषांवर आमचे आयुष्य गेले, त्या देशांना कचेरीत घरचीच नावे पडली होती. थोरला म्हणजे ज्याच्या आरमाराला, नोटेला आणि रागाला उरलेले जग माझ्या जन्माआधीपासून वचकून आहे, तो. धाकटा म्हणजे काल-परवापर्यंत ज्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नव्हते आणि आता ज्याच्या कारखान्यातून आलेला स्क्रू प्रत्येक घरातल्या प्रत्येक खुर्चीत सापडतो, तो. थोरल्याची भाषा माझी. धाकट्याची तिची.

बूथमध्ये एक बोलत असते तेव्हा दुसरी विश्रांती घेत नाही. ती आकडे लिहिते. अर्थ ध्यानात राहतो, कारण अर्थाला मागचेपुढचे धागे असतात; एक निसटला तरी दुसरा हाताला लागतो. आकड्याचे तसे नसते. तो एकटा येतो, अनाथासारखा, आणि पकडला नाही तर गेला. म्हणून शेजारणीने तो ऐकायचा, न वाजणाऱ्या मऊ कागदावर मोठ्या अक्षरांत लिहायचा आणि बोलणारीच्या नजरेच्या वाटेत ठेवायचा. पेन वापरायचे नाही, त्याची टकटक माइकमध्ये जाते. हातातले घड्याळसुद्धा काढून ठेवायचे.

धाकट्याची मोजणी आडवाटेची आहे. ते दहा हजारांच्या पटीत मोजतात. राजदूत म्हणाले होते, एकशे तीस दहाहजार. बोलता बोलता, वाक्याच्या धावपट्टीवर, त्याचे तेरा लाख करणे म्हणजे धावत्या माणसाने बुटाची नाडी बांधण्यासारखे आहे. म्हणून आठ वर्षांपूर्वी, आम्ही पहिल्यांदा एका बूथमध्ये बसलो तेव्हा, चिऊने मला त्या भाषेतले आकडे शिकवले. घरच्या जिन्यावर, बाजाराच्या पिशव्या उचलून चढताना, पायरीगणिक एक. मला त्या भाषेत पाणी मागता येत नाही, क्षमा मागता येत नाही. पण एकापासून दहा कोटींपर्यंत कुठलाही आकडा झोपेतून उठवून विचारा.

त्या सकाळच्या चर्चासत्राचा विषय फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता: उगवता देश जुन्या महासत्तेची जागा घेऊ शकेल काय? आमच्यासारख्या लहान देशाने असले चर्चासत्र भरवणे म्हणजे दोन हत्तींना बोलावून तुमच्यातला मोठा कोण असे अंगणातल्या मांजराने विचारणे, असे चिऊ आदल्या दिवशी म्हणाली होती. पण आमच्या दोघींसाठी त्या विषयाचा अर्थ वेगळा, फार लहान आणि फार नेमका होता. पुढच्या महिन्यात धाकट्याचे मंत्री आमच्या मंत्र्यांना भेटायला येणार होते. बंद दाराआड होणाऱ्या असल्या भेटीत मंत्र्यांच्या मागे, त्यांच्या डाव्या खांद्याजवळ, एकच खुर्ची असते. तिच्यावर दुभाषी बसतो आणि कानात बोलतो.

ती खुर्ची सत्तावीस वर्षे माझी होती.

कारण सत्तावीस वर्षे पाहुणा कुठूनही येवो, तो थोरल्याचीच भाषा बोलत असे. धाकट्याचे लोकसुद्धा. अडखळत, शब्द चाचपडत, पण तीच. या वर्षी त्यांनी कळवले की यापुढे आम्ही आमच्याच भाषेत बोलू. तेवढ्या एका ओळीच्या पत्राने माझी खुर्ची हलली. आमच्या विभागप्रमुखांनी, ज्यांना आम्ही दोघी घरात 'पाच मिनिटं' म्हणायचो कारण त्यांच्या दारावर टकटक केली की आतून तेवढेच ऐकू येई, हातचे राखून सांगितले होते, "चर्चासत्र होऊ द्या. धाकट्या मॅडमचं काम बघतो, मग ठरवू." ठरवायचे काय होते? मला धाकट्याच्या भाषेत फक्त मोजता येत होते.

दुभाषी दुसऱ्याचे बोलणे प्रथमपुरुषात सांगतो. 'ते म्हणतात' असे आम्ही म्हणत नाही. 'मी म्हणतो' असे म्हणतो. सत्तावीस वर्षे मी थोरल्याच्या वतीने 'आम्ही' म्हणत आले. आम्ही हे सहन करणार नाही. आमची जहाजे तिथेच राहतील. आमच्या मित्रांना आम्ही वाऱ्यावर सोडत नाही. जो देश मी जेमतेम तीनदा पाहिला, त्याचा ताठरपणा माझ्या मणक्यात उतरला होता. त्याचे पराभव वर्तमानपत्रात वाचताना माझ्या चहाची चव जात असे. आणि जेव्हा धाकटा वाढू लागला, त्याच्या बंदरांचे, पुलांचे, यंत्रांचे आकडे दर वर्षी चिऊच्या तोंडून माझ्या शेजारी उच्चारले जाऊ लागले आणि मी ते माझ्या हाताने, मोठ्या अक्षरांत लिहू लागले, तेव्हा एखाद्या घरात परक्या बाळाचे वजन दर आठवड्याला नोंदवावे लागणाऱ्या वांझ बाईसारखे मला झाले. हेवा कुणाचा कुणाला वाटत होता, देशाला देशाचा की बहिणीला बहिणीचा, हे मला तेव्हाही वेगळे काढता येत नव्हते.

एक गोष्ट मी कुणालाही सांगितलेली नाही. चिऊ नऊ वर्षांची असताना मी थोरल्याच्या भाषेतले उतारे पाठ करीत घरभर फिरायचे. एकदा बाहेरून आले तर जिन्यावरून माझाच आवाज ऐकू आला. चिऊ माझी नक्कल करीत होती. एकाही शब्दाचा अर्थ तिला माहीत नव्हता. पण जो स्वर मला पाच वर्षे घोकून साधला नव्हता, तो तिच्या गळ्यातून असा येत होता जणू तिथेच जन्मला असावा. आई हसत होती. मीही हसले. पुढे नऊ वर्षांनी महाविद्यालयात भाषा निवडायची वेळ आली तेव्हा चिऊने मला विचारले, आणि मी म्हणाले, "धाकट्याची घे. माझ्या भाषेच्या वर्गात साठ मुली आहेत, तिथे चार. गर्दीत कशाला शिरतेस?" त्या वर्गाची खोली तळमजल्यावर, भांडाराशेजारी होती, पुस्तकांचा कागद असा की मागच्या पानावरची अक्षरे पुढे दिसत. त्या भाषेला भविष्य आहे असे तेव्हा शपथेवर कुणी म्हटले नसते. मीही तसे समजून म्हटले नव्हते. मी तिला माझ्या वाटेतून बाजूला केले होते, आणि ती ताईचे उपकार मानत राहिली.

आणि मग तिची वाटच मोठी झाली.

तर, एक कोटी तीस लाख. राजदूत सांगत होते की गेल्या दहा वर्षांत त्यांच्या देशाने परदेशांतून आलेल्या इतक्या विद्यार्थ्यांना शिकवले. साधे वाक्य, जवळजवळ नम्र. पण आमचा आवाज ऐकून शेजारचा बूथ ते थोरल्याच्या भाषेत फिरवत होता, आणि तिथून ते समोर बसलेल्या थोरल्याच्या प्राध्यापकांच्या कानात जात होता. त्यांच्या भुवया वर गेल्या. आपली पाळी येताच ते पुढे झुकले, आणि आमच्या बूथमध्ये लाल दिवा माझ्या माइकवर सरकला.

प्राध्यापकांनी सकाळी सुरुवात गंभीरपणे केली होती. जागा घेता येत नाही, ते म्हणाले होते, आणि मी त्यांच्या वतीने, जरा जास्तच खोल आवाजात म्हटले होते: जहाजे बांधता येतात, बंदरे विकत घेता येतात, पण संकटाच्या वेळी लोकांनी आपण होऊन तुमच्या दाराशी यावे, हे बांधता येत नाही. जग स्वतः सरकून जागा देते, तेव्हाच ती मिळते. आता मात्र त्यांचा सूर खेळकर होता.

"एक कोटी तीस लाख!" मी त्यांच्या वतीने म्हणाले. "मग राजदूतांच्या देशात शेती कोण करतं? कारखाने कोण चालवतं? की तिथे सगळेच्या सगळे वर्गावर खडू हातात घेऊन उभे आहेत?"

मूळ वाक्य इतके चांगले नव्हते. 'खडू हातात घेऊन' हे माझे होते. शेवटच्या शब्दाआधी मी श्वासभर थांबले, आणि सभागृह हसले. ते हसू प्राध्यापकांचे नव्हते. माझे होते, आणि मला ते गोड लागले. प्राध्यापक पुढे आपले आकडे सांगू लागले. त्यांच्याकडे शिकायला येणारे किती, त्यांतले परत जाणारे किती, धाकट्याकडे म्हाताऱ्यांची संख्या किती वेगाने वाढते आहे. मी पुढे बोलत होते, आणि माझ्या नजरेच्या वाटेत, डाव्या कोपऱ्यात, एकामागून एक चिठ्ठ्या येत होत्या. मोठी अक्षरे, सुवाच्य, प्रत्येक शून्य नीट बंद केलेले. चिऊ माझे आकडे लिहीत होती.

मग राजदूत उठले. त्यांच्या मागे बसलेल्या सहायकाला आमची भाषा येत होती. त्याने त्यांच्या कानात काहीतरी सांगितले होते. त्यांचा चेहरा लाल झाला नव्हता. फक्त त्यांनी हातातले कागद उलटे ठेवले आणि न वाचता बोलू लागले. लाल दिवा चिऊकडे गेला.

"मी तेरा लाख म्हणालो," चिऊ म्हणाली.

तिला ते स्वतःच्या तोंडाने म्हणावे लागले. प्रथमपुरुषात.

"मी तेरा लाख म्हणालो. या सभागृहात माझ्या तोंडी दसपट आकडा घातला गेला. हे कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. आम्हाला याची सवय आहे. वाढणाऱ्याबद्दल लोकांना दोनच गोष्टी ऐकायला आवडतात, एक तर तो फुशारकी मारतो, नाहीतर तो धमकी देतो. आम्ही तेरा लाख मुलांना शिकवलं. एवढंच सांगायला मी उभा होतो. आम्हाला कुणाच्या खुर्चीवर बसायचं नाही. आम्हाला आमची हवी आहे."

तिचा आवाज कापला नाही. 'माझ्या तोंडी' म्हणताना तिने खोकल्याचे बटण दाबले, जे दाबले की माइक क्षणभर मुका होतो. घसा साफ केला, बटण सोडले आणि पुढे गेली. मी वहीवर १३,००,००० असे लिहिले आणि तिच्यापुढे सरकवले. का, ते मला माहीत नाही. तिने पाहिलेसुद्धा नाही.

मध्यंतरात 'पाच मिनिटं' आम्हाला पाण्याच्या यंत्राशेजारी गाठून उभे राहिले. त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि या खेपेस त्यांनी आम्हाला पाच मिनिटं थांबायला सांगितले नाही.

"धाकट्या मॅडम, हे काय झालं?"

"आकडा चुकला, सर. माझी चूक."

"तेरा लाखाचे एक कोटी? अहो, राजदूत बाहेर उभे आहेत, मंत्रालयातून दोन फोन आले मला! चिठ्ठी नव्हती का? थोरल्या मॅडम शेजारी होत्या ना?"

ते माझ्याकडे वळले. मी कागदी पेल्यात पाणी भरत होते. पेला भरून वाहू लागला होता. तोंड उघडायला तेवढा वेळ पुरेसा होता. मी उघडले नाही.

"चिठ्ठीचा काही संबंध नाही," चिऊ म्हणाली. "मीच घाई केली."

"घाई! माझं डोकं उडवतील, आणि तुम्ही म्हणता घाई." ते जाता जाता पुन्हा मागे वळले. "दुपारी तरी सांभाळा हो. दोघीही."

ते गेले. यंत्रात पाण्याचा बुडबुडा वर आला. चिऊने माझ्या हातातला वाहता पेला घेतला, अर्धा ओतून टाकला, अर्धा प्याली. "तुझा म्हातारा आज फॉर्मात आहे," ती म्हणाली. प्राध्यापकांबद्दल. एरवी ती हे चिडवायला म्हणायची, आणि मी म्हणायचे, तुझ्या पोराला आधी मिसरूड फुटू दे. आमची नेहमीची थट्टा, थोरला म्हातारा आणि धाकटा पोर. त्या दिवशी माझी ओळ माझ्या तोंडाशी आली आणि तिथेच राहिली. ती थोडा वेळ थांबली, आपल्या ओळीला उत्तर येते का ते पाहत, आणि मग आत गेली.

दुपारच्या सत्रात मी लिहिले. देवाशपथ, मी एकही आकडा सोडला नाही. बंदरातल्या गोद्या, रेल्वेचे मैल, आजारी पडणाऱ्या बँका, राजदूतांनी सांगितलेली प्रत्येक संख्या फिरवून, पडताळून, मोठ्या अक्षरांत तिच्या नजरेच्या वाटेत ठेवत गेले. तिने नजरेची वाटच बदलली होती. तिने खुर्ची जराशी, चार बोटे, काचेकडे फिरवली होती, स्वतःची वही उजव्या हाताखाली घेतली होती, आणि ती बोलत असतानाच लिहीत होती. हे काय असते ते सांगणे अवघड आहे. एका कानाने पुढचे ऐकायचे, तोंडाने मागचे बोलायचे, आणि हाताने त्या दोन्हींच्या मधले पकडायचे. मी सत्तावीस वर्षांत ते कधी केले नाही. आमच्यात कुणी करत नाही. पहिली काही मिनिटे ती मागे पडली, वाक्ये आखडली, एकदा श्वास चुकला. मग तिला लय सापडली. चाळीस मिनिटांत तेवीस आकडे आले. मी तिच्या वहीवर डोकावून प्रत्येक पडताळला. तेवीसच्या तेवीस बरोबर होते.

सकाळी मला जे वाटले होते तो हेवा नव्हता, सवय होती. हेवा मला त्या दुपारी वाटला. माझ्या हातात पेन्सिल होती, माझ्यापुढे बरोबर आकड्यांनी भरलेल्या चिठ्ठ्यांचा ढीग होता, आणि जगात कुणालाही त्यांची गरज नव्हती. कधी होती का? की ती आठ वर्षे माझ्या मानासाठी माझ्या वहीकडे पाहत होती? हा विचार मनात आला तेव्हा मी चिठ्ठ्या एकीवर एक रचल्या, कडा जुळवल्या, आणि पुन्हा विस्कटल्या.

संध्याकाळी सभागृह रिकामे होत असताना 'पाच मिनिटं' बूथचे दार उघडून आत आले. आत तिसऱ्या माणसाला उभे राहायला जागा नसते. ते दारातच, अर्धे आत अर्धे बाहेर, उभे राहिले.

"दुपारचं काम छान झालं, धाकट्या मॅडम. राजदूतही म्हणाले. पण..." त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. "पुढच्या महिन्यात ते त्यांचाच दुभाषी आणणार. आत्ताच कळवलं. आपल्याकडच्या माणसावर भरवसा नाही असं नाही म्हणाले, पण अर्थ तोच. मंत्रालयाने मान्यही करून टाकलं."

"त्यांचा दुभाषी त्यांच्या मंत्र्यांच्या मागे बसेल ना," मी म्हणाले. "आपल्या मंत्र्यांच्या मागे?"

"एकच खुर्ची आहे, मॅडम. तोच दोन्हीकडचं सांगणार. मंत्रालय म्हणतं, आता मान तुकवा, पुन्हा वाद नको."

म्हणजे बंद दाराआड आमच्या मंत्र्यांच्या कानात, डाव्या खांद्याजवळ, त्यांचा माणूस बसणार. ते जे म्हणतील ते आम्हाला त्यांच्याच तोंडून कळणार, आणि आम्ही जे म्हणू तेही त्यांच्याच तोंडून त्यांच्याकडे जाणार. जुना असो की नवा, कुणीही जगाच्या पाटावर बसो. आमच्यासारख्या घरात एक तरी कान आपला असावा लागतो. तो आज सकाळी गेला होता.

हे मला समजले, पण नंतर. लिहिताना खोटे कशाला लिहू? 'पाच मिनिटां'चे वाक्य संपले त्या क्षणी माझ्या छातीत जे सैल झाले, ते समाधान होते. तिला मिळाली नाही.

चिऊने हेडफोनची वायर गुंडाळली, दोन्ही माइक बंद आहेत का पाहिले, आणि माझ्या चिठ्ठ्यांचा ढीग, माझ्याकडे न पाहता, टोपलीत टाकला.

आम्ही बाहेर पडलो. रस्त्याच्या एका बाजूला खोदकाम चालले होते. फुटपाथवर फळ्या टाकल्या होत्या आणि एका वेळी एकच माणूस जाऊ शकत होता. ती पुढे, मी मागे. फळ्या संपल्या तेव्हा मी तिच्या बरोबरीने आले. घरी जायची बस आमची एकच.

"चिऊ."

"हं."

"मला ऐकू आला होता आकडा."

ती चालत राहिली. "माहितीये."

"कसं?"

"ताई, तू आकडा ऐकलास की तुझे ओठ हलतात. पहिल्या दिवसापासून. जिन्यावर मोजायचीस ना, तसे. आजही हललेले पाहिले मी."

"मग ओठांवरून का नाही घेतलास?"

"हललेले दिसले, वाचले नाहीत गं. कागद बघत होते." ती थोडी हसली. "वाटलं, लिहिशील. आता लिहिशील. चार सेकंद म्हणजे फार असतात, नाही?"

बसथांब्यावर कुणी नव्हते. समोरच्या दुकानाचे शटर अर्धे खाली आले होते आणि आतला माणूस वाकून झाडू मारत होता.

"मग पाच मिनिटांना सांगितलं का नाहीस?" मी विचारले. मला वाटते, माझ्या आवाजात राग होता. तिने मला वाचवले याचा राग. "सांगायचंस की. ताईने चिठ्ठी दिली नाही म्हणून. मला काय, मी फासावर गेले असते?"

"आणि सगळ्या कचेरीने काय म्हटलं असतं? हिला आकडेसुद्धा ताईने भरवावे लागतात. तुला वाचवायला गप्प नव्हते बसले मी. माझ्यासाठी." तिने पिशवी बाकावर ठेवली. "आणि तुला वाटत असेल, मला ती खुर्ची नकोच होती, मी आपली भोळी. हवी होती, ताई. फार हवी होती. तू बसतेस तशी नव्हते बसणार मी, वाकून, मंत्र्याच्या कानात शिरल्यासारखी. ताठ बसणार होते. साडीसुद्धा ठरवून ठेवली होती."

"कुठली?"

"ती विचारू नकोस आता."

दुकानदाराने शटर ओढले. माझ्या मनात कितीतरी वाक्ये तयार होत होती, सगळी नीट रचलेली, सगळी दुसऱ्या कुणाच्या तरी वतीने बोलावीत तशी. आम्हाला खेद आहे. आमचा तसा हेतू नव्हता. आम्ही आमच्या मित्रांना वाऱ्यावर सोडत नाही. सत्तावीस वर्षांत मी दुसऱ्यांसाठी किती क्षमा मागितल्या असतील! एकीच्याही आत मी नव्हते. आणि आता मीच बोलायचे तर 'मी' हा शब्द माझ्या तोंडात परक्याचा लागत होता.

"मी मुद्दाम नाही लिहिलं," शेवटी मी म्हणाले. "हात थांबला असं नाही. मी थांबवला. तुला मिळू नये म्हणून."

ती माझ्याकडे पाहत होती. तिच्या चष्म्याच्या दोन्ही काचांवर समोरच्या दिव्याचे ठिपके होते, त्यामुळे डोळे दिसत नव्हते.

"शिव्या दे. आईला सांग. काहीही कर, पण बोल." मी तिच्या दंडाला हात लावला, तिने तो झटकला नाही, तो तसाच राहू दिला, आणि ते झटकण्यापेक्षा वाईट होते. "उद्या दुसरा दिवस आहे सत्राचा. सकाळी पहिलंच भाषण तुझ्या राजदूतांचं. मी येऊ ना, चिऊ? बसू ना शेजारी?"

कोपऱ्यावर आमची बस वळली. तिच्या पाटीवरचा क्रमांक दिसू लागला. चिऊने माझा हात दंडावरून हळूच बाजूला केला, बाकावरची पिशवी उचलून खांद्याला लावली, आणि बस थांबायच्या आत पुढच्या थांब्याच्या दिशेने चालू लागली.